दोरीचा वळ

आबा, माझी पांढरी घोडी आज टेम्पोत चढली. ओढावं लागलं नाही, मागून कुणी हाकलावं लागलं नाही. फळीवर तिने पुढचा एक पाय ठेवला, लाकूड वाजलं, पाय काढून घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. तुम्ही सांगायचात तसं, जनावर विचार करत असताना त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, त्याला लाज वाटते. खरंच वाटते की नाही देव जाणे, पण मी समोरच्या टॉवरच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेल्या चादरी मोजत उभी राहिले, आणि अकराव्या चादरीला तिने दुसरा पाय ठेवला. टेम्पोवाला मोबाइलमधून मान वर करून म्हणाला, "मावशी, असं चढवायला लागलात तर आख्खा दिवस जाईल." म्हटलं, जाऊ दे. दिवसाचं मला तरी दुसरं काय करायचं आहे? तुम्ही असतात तर हसला असतात. इथे हसायला कुणी नव्हतं, म्हणून मीच थोडं हसून घेतलं.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी आज पत्र लिहायला बसले आहे, ते पांढरीचं कौतुक सांगायला नाही. मला तुम्हाला आपल्या तांबडी घोडीच्या गाठीचं सांगायचं आहे. तुमची गाठ सुटली नव्हती. हे एवढंच वाक्य सांगायला मला अडतीस वर्षं लागली. आता ते लिहून झालंय, बाकीचं सावकाश सांगते.

आधी इथलं सांगते. मोरिवलीला हे वारले आणि मी गावात परत आले. मूलबाळ नव्हतं, कंपनीच्या भोंग्यावर जेवणाच्या वेळा ठरलेल्या, आणि भोंगा वाजला तरी जेवायला घालायचं कुणाला? तिथल्या रिकाम्या दोन खोल्यांपेक्षा बदलापूर गावातला आपला तबेला बरा वाटला. तुमची शेवटची घोडी तेव्हा अजून होती, म्हातारी झालेली. ती गेल्या वर्षी गेली. त्यानंतर काही महिने मी रोज पहाटे सवयीने उठायचे, बादली भरायचे आणि भरलेली बादली घेऊन रिकाम्या ठाणासमोर उभी राहायचे. मग खानदेशातल्या बाजारातून ही आणली, तीन वर्षांची, दुधासारखी पांढरी, नाक गुलाबी, आणि माणसाचा हात म्हणजे काय ते धड ठाऊक नसलेली. स्वतःला बजावलं, ही वरातीत उभी राहिली तर तबेला राहील. नाही राहिली तर तिला चांगल्या घरी द्यायचं, दावण उपटायची आणि मोरिवलीच्या खोलीत जाऊन टीव्ही लावायचा.

आपल्या तबेल्याच्या तिन्ही बाजूंना आता टॉवर आहेत. लिदीचा वास येतो म्हणून सोसायटीवाले तक्रार करतात, आणि त्याच सोसायटीतल्या बायका रविवारी पिशव्या घेऊन कुंड्यांसाठी लीद मागायला येतात. मी दोघांनाही हो म्हणते. सकाळी पाणी, मग भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी, मग खरारा. मानेपासून सुरू करून मागे, केसांच्या दिशेने, पोटाखाली हलक्या हाताने. पांढऱ्या घोडीचं एक मोठं दुखणं आहे. रात्री ती नेमकी लिदीवर बसते आणि सकाळी हिरवी होऊन उठते. मग कोमट पाणी आणि साबण. मग चारी खूर उचलून कोरायचे. सुरुवातीला ती पाय द्यायची नाही. मी तुमच्यासारखी खांद्यावरून हात उतरवत गुडघ्यापर्यंत आणायचे, नळीवर बोटं दाबायचे आणि थांबायचे. तिने टाच जराशी सैल केली की लगेच हात काढायचा. पंधरा दिवस नुसतं एवढंच. सोळाव्या दिवशी तिने स्वतःहून पाय वर केला आणि माझ्या हातात ठेवला. मी तो धरून किती वेळ बसले कुणास ठाऊक. असं कुणी आपण होऊन हातात काही देऊन बरीच वर्षं झाली होती.

हे सगळं तुम्ही मला एका दिवसात शिकवलंत, तो दिवस मला आठवतो. मी बाराची असेन. तुमचा टांगा अजून स्टेशनवर लागत होता, पण रिक्षा आल्या होत्या आणि तुम्ही लग्नाच्या घोड्या पाळायला लागला होतात. कल्याणपासून कर्जतपर्यंतचे लोक आपली कोवळी जनावरं तुमच्याकडे सोडून जायचे. म्हणायचे, याला जरा तुमचा हात लागू दे. अंगणात असंच कुणाचं तरी शिंगरू मी चालवत होते आणि ते येईना. मी दोन्ही पाय रोवून ओढत होते, तेही पाय रोवून उभं. तुम्ही ओट्यावरून उठून आलात, माझ्या हातातली दोरी काढून घेतलीत आणि माझ्याच मनगटाला बांधलीत. आणि ओढायला लागलात. मी मागे रेटतेय, मनगट दुखतंय, शेजारच्या बायका कुंपणावरून हसतायत. मी रडकुंडीला आले. तेव्हा तुम्ही दोरी हलकीच ताणून धरलीत, नुसती ताणून, आणि थांबलात. मला काय करावं कळेना. शेवटी कंटाळून मी एक पाऊल पुढे टाकलं आणि त्याच क्षणाला दोरी सैल पडली.

"कलला?" तुम्ही म्हणालात. "वढायचं नाय. इचारायचं. ती हो बोलली का लगेच सोरायचं. घाई कुनाला हाय, तुला का तिला?"

मला इतका राग आला होता की दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. पण मनगटाने जे शिकले ते कधी विसरले नाही, हेही खरं आहे.

आता तांबडी. ती आपल्या घरची होती, आपल्याच घोडीची, तुमचा सगळ्यात जास्त जीव असलेली. मी पंधराची होते. तुम्ही म्हणाला होतात, तांबडी वरातीत उभी राहिली की तिच्या तोंडाला बांधलेलं मोरकं तूच धरायचं. मुलीने वरातीत घोडी धरायची म्हणजे काय, आई किती ओरडली होती! तुम्ही ऐकलं नाहीत. मला त्या दिवसाची इतकी घाई झाली होती की शाळेत वहीच्या मागच्या पानावर मी वरातीत कुठला परकर-पोलका घालायचा ते लिहून ठेवलं होतं.

आवाजाची सवय करायची तुमची पद्धत होती डब्याची. पत्र्याच्या डब्यात खडे घालायचे आणि ती चंदी खात असताना लांब पिंपळाखाली उभं राहून वाजवायचे. दुसऱ्या दिवशी एक हात पुढे. तिने कान टवकारले तर तिथेच थांबायचं, खाणं सोडलं तर एक हात मागे. पिंपळापासून ठाणापर्यंत चाळीस हात होते, म्हणजे निदान चाळीस दिवस. डब्यानंतर थाळी, थाळीनंतर ताशा, आणि फटाका सगळ्यात शेवटी. आणि आवाज करायचा तेव्हा जनावर बांधलेलं नसावं, दोरी माणसाच्या हातात असावी, म्हणजे घाबरलं तर त्याला चार पावलं पळता येतं आणि परत येता येतं. त्या दिवशी आपण दहाव्या हाताला होतो. तुम्ही वरातीची सुपारी ठरवायला सिंधी लोकांच्या कॅम्प तीनला गेला होतात, आई भातकापणीला. दिवाळीतल्या लवंगीच्या माळेतल्या चार-पाच मी लपवून ठेवल्या होत्या.

तुम्ही सकाळी बांधलेली सुरगाठ मी सोडली. दोरी हातात घेतली, तुमचा नियम पाळला. एवढाच एक पाळला. आधी थाळी वाजवली. तांबडी नुसती बघत राहिली, आणि माझ्या डोक्यात हवा गेली. म्हटलं, आबा उगाच चाळीस दिवस घालवतात. संध्याकाळी तुम्ही आल्यावर दाखवू, बघा, फटाक्यालाही हलत नाही. दोरी सटकू नये म्हणून हाताला दोन वेढे घेतले आणि दुसऱ्या हाताने लवंगी पेटवून टाकली.

ती कशी उडाली ते मला दिसलंच नाही. हात खांद्यातून निघाल्यासारखा झाला, वेढे सुटत गेले, दोरी तळहातावरून सरसर गेली आणि मी जमिनीवर. ती कुंपण तोडून पलीकडच्या नाल्यात उतरली, दगडांत. तुम्ही आलात तेव्हा ती तीन पायांवर उभी होती आणि मी तिच्या मानेला धरून रडत होते. मी सांगणारच होते. शपथ घेते, तोंड उघडलं होतं. पण तुम्ही रिकाम्या खुंटाकडे बघितलंत, तिच्या मोरक्याला लोंबणाऱ्या दोरीकडे बघितलंत आणि म्हणालात, "माझी गाठ सुटली." आणि मी तोंड मिटलं.

रात्री तुम्ही माझा हात बघितलात. काय झालं, विचारलंत. मी म्हणाले, तवा लागला. तुम्ही हं म्हणालात, चुन्याची निवळी आणि खोबरेल घोटून लावलंत, आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधलीत. महिनाभर मला दोरी हातात धरायला दिली नाहीत. डाव्या हाताने खरारा तेवढा करायला सांगायचात. मला वाटलं, सुटले. फसले आबा.

तांबडीचा गुडघा धरला तो धरलाच. ती जगली, पण वरातीत कधी गेली नाही. तुम्ही सगळ्या गावाला सांगितलंत की गाठ माझी सुटली, चूक माझी. लोक शिंगरं घेऊन यायचे तर ओट्यावरूनच परत पाठवायचात. "आता हात नाय रायला," म्हणायचात. पुढची सगळी वर्षं तुम्ही दुसऱ्यांनी तयार केलेल्या घोड्याच आणल्यात. आणि घोडी बांधली की गाठ तीनदा ओढून बघायचात. तुम्ही ती तीनदा ओढायला लागलात की मी उठून आत जायचे. माझ्यामुळे या माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला, एवढंच मला कळत होतं, आणि सांगायचं धाडस दर वर्षी थोडं थोडं कमी होत गेलं. मग माझं लग्न झालं. मग तुम्ही गेलात. मग सांगायला कुणी राहिलंच नाही आणि सांगण्यासारखं तेवढं उरलं.

तीन आठवड्यांपूर्वी पांढरीने माझ्या हातातून दोरी ओढून नेली. मोठं काही नाही, गेटबाहेर गॅस सिलिंडरची गाडी खणखणली आणि ती दचकली. मी वेढा घेतला नव्हता, तेवढी अक्कल आली आहे, पण सोडायला अर्धा क्षण उशीर झाला. दुसऱ्या दिवशी नालबंद आला. तुमच्या वेळी आपल्या बापाची पेटी उचलून यायचा तोच, आता त्याचीही दाढी पांढरी झाली आहे. मी त्याला चहाचा कप दिला. कप घेता घेता त्याने माझ्या तळहाताकडे एकदाच बघितलं आणि म्हणाला, "रस्सी चली क्या हाथ से?"

मी विचारलं, तुला कसं कळलं?

तो हसला. "बाई, चालीस साल हो गये इस धंदे में. जळलेला वेगळा, कापलेला वेगळा. रस्सी का निशान अंधा भी पहचानेगा."

त्याने चारी नाल ठोकले, तो काय काय बोलत होता, मी काहीही ऐकलं नाही. फक्त जाताना म्हणाला ते ऐकलं. "और एक बात बोलू? तुम्ही हिच्याशी बोलत नाय. गुपचूप येता, गुपचूप जाता. तुमचे आबा तबेल्यात शिरायच्या आधी नाक्यावरून आवाज द्यायचे. जनावर को पता तो चले कौन आया."

तो गेल्यावर मी ओट्यावर बसले. आयुष्य दोरीवर घालवलेल्या तुम्ही त्या रात्री माझा उघडा हात दिव्याखाली धरला होतात. चाळीस वर्षं धंद्यात असलेल्या नालबंदाला कपाआडून कळतं, आणि तुम्हाला तवा वाटला? तुम्हाला त्याच रात्री कळलं होतं, आबा. वेढे किती घेतले होते तेही कळलं असेल.

आणि मग मला एक दुपार आठवली. लग्नाआधीची. मी आतल्या खिडकीशी तांदूळ निवडत होते, तुम्हाला मी दिसत नव्हते. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. तुम्ही घोडी आणलीत, एका हाताने गाठ मारलीत आणि मागे न बघता विहिरीकडे निघून गेलात. ओढून बघितली नाहीत. तेव्हा वाटलं होतं, विसरले असतील. तुम्ही विसरला नव्हतात. तीनदा ओढणं लोकांसाठी होतं, आणि माझ्यासाठी. ज्याची गाठ सुटली असं सगळ्यांना सांगितलं, त्याने गाठ तपासायलाच हवी, आणि त्याने दुसऱ्यांची शिंगरंही घेता कामा नयेत. एकदा ते खोटं स्वतःच्या अंगावर घेतल्यावर तुम्ही ते शेवटपर्यंत नीट सांभाळलंत. तुमचा हात कुठेही गेला नव्हता. तुम्ही तो माझ्यासाठी बाजूला ठेवून दिलात. मला याचा आनंद व्हायला हवा, पण मला तुमचा राग येतो. एक मुस्काटात मारली असतीत तर मी तेव्हाच रडून मोकळी झाले असते. तुम्ही गप्प राहिलात, मी गप्प राहिले, आणि आपण दोघं एका घरात इतकी वर्षं एकमेकांची काळजी घेत एकटे राहिलो.

नालबंदाचं ऐकून मी पांढरीशी बोलायला लागले. पहिले दोन दिवस अडखळतच गेले. बोलायचं काय? आज ऊन आहे, आज पाणी उशिरा आलं. ते दोन मिनिटांत संपायचं. तिसऱ्या दिवशी खरारा करताना मी तिला तांबडीचं सांगायला लागले. लवंगी, वेढे, नाला, सगळं. पहिल्यांदा मोठ्याने. तिने एक कान मागे वळवून ठेवला तो शेवटपर्यंत हलवला नाही.

आज मी तिला कॅम्प तीनला घेऊन गेले ते बँडच्या तालमीसाठी. आठ दिवसांनी तिथल्या एका शेटच्या नातवाचं लग्न आहे. शेट दर दोन दिवसांनी फोन करतात, "आंटी, घोडी शांत है ना? पटाखा बहुत होगा." मी म्हणते, शांत आहे. मनात म्हणते, मी कुठे शांत आहे? जीन्स शिवणाऱ्या गाळ्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत बँडवाले सराव करतात. डबा, थाळी, ताशा, घरी लावलेले लवंगीचे बार, सगळे हात मी या वेळी एकेक करून मोजले आहेत. एकही गाळला नाही. तरी ट्रम्पेट जवळून वाजला तेव्हा ती अशी उसळली की शिलाई मशिनवरची माणसं दारात आली. कुणीतरी ओरडलं, "अरे पकडो, पकडो!"

मी पकडलं नाही. सोडलंही नाही. दोरी जेवढी मागत होती तेवढी दिली आणि तिच्याबरोबर चालत राहिले, आणि बोलत राहिले. काय बोलले असेन? तेच, तांबडीचं. रोज ऐकते तेच. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला तिचा एक कान माझ्याकडे वळला, मग मान खाली आली, मग तिने ओठ चाटले आणि उभी राहिली. ट्रम्पेट वाजतच होता. मी त्याच क्षणाला दोरी सैल केली. तिने कपाळ माझ्या खांद्याला लावलं. बँडचा म्हातारा मास्तर जवळ येऊन म्हणाला, "किसने सिखाया?" मी म्हणाले, आमच्या आबांनी. तुमचं नाव त्यांच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं, तरी मी दोनदा सांगितलं.

तेव्हा तबेला राहतो आहे. आठ दिवसांनी वरातीत तिचं मोरकं मीच धरणार आहे. परकर-पोलक्याचं वय गेलं, ठेवणीतलं निळं पातळ नेसेन. त्या दिवशी तुम्ही शेजारी असायला हवे होतात. दुसरं काही मागत नाही.

हे पत्र मी कुठे टाकणार? चंदीच्या पिंपावर बसून लिहिलं आहे, त्याच्याच झाकणाखाली ठेवेन, उंदरांनी खाल्लं तर खाल्लं. पण एक सांगून टाकते, नाहीतर पुन्हा राहील. मघाशी पांढरीला ठाणावर बांधलं. तुमचीच सुरगाठ, तुम्ही मारायचात तशी, एका हाताने. आणि ठरवलं, आता तुमच्यासारखं मागे न बघता निघायचं. ओट्यापर्यंत आले. अंगणात कुणी नव्हतं, खिडकीतही कुणी नव्हतं. मग मी परत गेले आणि गाठ तीनदा ओढून बघितली.